सर्वांत कुरूप आंब्याला बक्षीस

टिंग! रत्नागिरीच्या त्या सभागृहात पंख्यांच्या एकसुरी घरघरीवर एक आवाज उमटला. मग दुसरा, तिसरा, जणू संध्याकाळच्या बागेत एकेक रातकिडा जागा व्हावा.

त्याआधी केवढी निःशब्दता होती! आंबा बागायतदारांची परिषद. दापोलीहून आलेली तरुण संशोधक मुग्धा आंब्याची साल तपकिरी, खरखरीत करून टाकणाऱ्या फुलकिड्यांविषयी बोलत होती. यंदा कीड कुठल्या गावांत पोहोचली हे कळल्याशिवाय पुढच्या मोहोरासाठी तिला सल्ला देता येणार नव्हता. "तुमच्याकडे आहे का?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. माना नकारार्थी हलल्या. पालीचे बाळकाका तर म्हणाले, "आमच्याकडे सगळं झकास!" का म्हणू नये? पुढच्याच रांगेत व्यापारी बसले होते. पेटीचा वरचा थर देखणा ठेवायचा, हे आम्हा कोकणातल्या माणसांना कुणी शिकवावं लागतं का?

मुग्धाने हातातला कागद बाजूला ठेवला आणि परिषदेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धा जाहीर केली: आपल्या बागेतला सर्वांत कुरूप आंबा, गावाच्या नावासह. ज्याच्या फोटोला सर्वांत जास्त हसू, त्याला बक्षीस.

पहिलं टिंग बाळकाकांचं! पडद्यावर तपकिरी, खरखरीत, तडकलेलं फळ झळकलं.

"काका, हा आंबा की सुरण?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेल्या, आधी तुझा दाखव!"

"थांबा, बक्षीस माझं," नाटे गावच्या सुलभावहिनी उठल्याच. "माझ्या आंब्याला आरसा दाखवलात तर आरसा तडकेल!"

मग काय! ज्यांच्या बागेत काहीच नव्हतं, त्या सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो मात्र तयार होते. हंगामभर एकट्याने वाहिलेली काळजी हसण्यावारी बाहेर पडत होती. व्यापारीही हसत होते. सगळेच डागी निघाल्यावर नाक कुणाकुणापुढे मुरडणार? मुग्धा नकाशावर गावांवर खुणा करत होती, आणि तिचा चेहरा उजळत होता.

बक्षीस बाळकाकांना मिळालं. माईक हाती आल्यावर ते म्हणाले, "बक्षीस राहू दे गो. पुढच्या वर्षी ही स्पर्धा हरायची तर काय करू, तेवढं सांग."

'उपस्थितांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य मी बातम्यांत कितीदा लिहिलं असेल! तो प्रतिसाद कसा ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मुग्धा उत्तर देऊ लागली आणि सभागृह पुन्हा शांत झालं. पण ही शांतता कान देऊन बसलेली होती. कुठल्यातरी कोपऱ्यात एक उशिरा निघालेला आंबा वाजला. टिंग!