गॅरेजातल्या दोन ट्यूब

गॅरेजात दिवा कोणता लावायचा, यावरून मी माझ्या थोरल्या भावाच्या छातीत लाथ घातली होती. दूध सोसायटीचे चार सभासद वैरणीचे भारे घेऊन दारात उभे होते, त्यांच्यादेखत. दादा भाऱ्यांवर पडला, उठला आणि त्यानं माझं डोकं धरून शटरवर आपटलं. दोघांचीही लग्नं झालेली होती. लोकांनी ओढून वेगळं केलं तेव्हा माझ्या कपाळातून रक्त येत होतं आणि तरीही मी ट्यूबबद्दलच बोलत होतो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं ते. कडबा औषधालाही मिळत नव्हता. माजलगावकडून धरणाखालचा ऊस आणि त्याच्या शेंड्यांचं वाढं यायचं, तेच जनावरांपुढं टाकायचं. ते वाया जाऊ नये म्हणून सोसायटीनं वैरण बारीक कापणारं कुट्टीचं मशीन आणलं. सगळ्या सभासदांनी पाळीपाळीनं वापरायचं, असं ठरलं. थ्री फेज विजेची जोडणी आणि पक्कं छत असलेली जागा गावात एकच, आमचं गॅरेज. वडिलांनी ते ट्रॅक्टरसाठी बांधलं होतं. ट्रॅक्टर बाहेर लिंबाखाली गेला आणि मशीन आत आलं. दादा सोसायटीचा संचालक होता, म्हणून ते चालवायची जबाबदारी त्याच्याकडं आली.

चोरांच्या भीतीनं गॅरेजची एकुलती खिडकी आम्ही विटांनी बुजवली होती. त्यामुळं भर दुपारीही आत दिवा लागायचा. मशीनच्या तोंडावर दोनशे वॅटचा पिवळा बल्ब वायरीला लोंबकळत असे. भुसा उडून त्याच्यावर बसायचा आणि करपल्याचा वास सुटायचा. एखाद्या दिवशी हे सगळं पेटणार, अशी मला धास्ती होती. म्हणून मी माजलगावहून दोन ट्यूब आणल्या. दादा म्हणाला, बल्बच राहू दे, माझी नजर त्याला बसलीय. मी कारण विचारलं, त्याला सांगता येईना. मग मी त्याला चारचौघांत अडाणी म्हणालो, तो मला उपटसुंभ म्हणाला, आणि लाथ गेली. माझ्या रागाचं लहानपणापासून घरात कौतुक झालं होतं. हा कुणाचं ऐकून घेत नाही, असं आई पाहुण्यांना हौसेनं सांगायची. मी तो राग चांगला पोसला होता.

लोकांनी सोडवल्यावर मी आत गेलो, बल्ब वायरीसकट उपटला आणि फरशीवर फोडला. संध्याकाळपर्यंत ट्यूब लागल्या. काय उजेड पडला म्हणून सांगू! सभासद म्हणाले, गॅरेजचा पार दवाखाना झाला, सुई पडली तरी सापडेल. मी फुगून गेलो. दादा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मुकाट्यानं त्याच उजेडात काम करू लागला.

आमच्याकडं थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच यायची आणि सांगून जायची नाही. ती गेली की मोटार बंद पडायची, पण सिंगल फेजवरचा दिवा चालूच राहायचा. म्हणून दिवा जळतोय म्हणजे मशीन चालू आहे, असं आमच्यात कुणी धरत नसे. चाकाकडं बघायचं आणि मग ठरवायचं, अशी सगळ्यांना सवय होती. मोटारीच्याच दांड्यावर चार पात्यांचं चाक बसवलेलं होतं, ते समोरच दिसायचं.

महिन्याभरानं एका दुपारी गावात टँकर आला. आमच्या दारातल्या विहिरीत पाणी ओतताना त्याचा पंप असा घरघरत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मशीनचा आवाज तर नाहीच. मी तिथंच भांडणं सोडवत उभा होतो. दादाची किंकाळी मला ऐकूच आली नाही. वहिनी गॅरेजातून धावत आल्या तेव्हा त्यांचं लुगडं कमरेपर्यंत रक्तानं भिजलं होतं. आत दादा भिंतीला टेकून उजवा हात डाव्या हातात धरून बसला होता. मशीन चालूच होतं. मी बटण बंद केलं. तीन बोटं कुट्टीत गेली होती. वहिनींनी तो ढीग दोन्ही हातांनी उपसला, त्यांना दोन सापडली. त्यांनी ती पदरात बांधून घेतली, पण दवाखान्यात त्यांचा काही उपयोग झाला नाही.

खाटेवर दादा शुद्धीवर होता. तो एकच सांगत राहिला.

"चाक थांबलं हुतं. मी बघून हात घातला."

मी बटण माझ्या हातानं बंद केलं होतं. चाक फिरत होतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्यानं तिसऱ्यांदा तेच म्हटल्यावर मी त्याच्या कानाखाली काढली. हाताला टाके पडलेल्या थोरल्या भावाच्या, त्याच्या बायकोसमोर. नर्सनं मला ढकलून बाहेर काढलं. मी दारातून वळून पाहिलं तर त्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं.

पुढं सोसायटीची बैठक झाली. मशीनच खराब आहे, असं दोघा सभासदांचं म्हणणं; गॅरेजची वायरिंग खराब आहे, असं बाकीच्यांचं. वायरिंगवर, म्हणजे माझ्यावर येतंय म्हटल्यावर मी उठलो आणि म्हणालो, तो प्यायला होता. दादा कधीमधी घ्यायचा, हे गावाला माहीत होतं. त्या दिवशी त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता, हे मला माहीत होतं. वाद तिथंच मिटला. दादाचं संचालकपद गेलं, मशीनवर पोती पडली. त्यानं मला कधी जाब विचारला नाही. मला वाटलं, चाकाबद्दलचं त्याचं खोटं पकडलं गेलं म्हणून गप्प आहे.

नऊ वर्षांनी, पुन्हा एका कोरड्या वर्षात, मी माजलगावात घर बांधत होतो. खाली गॅरेज काढलं होतं. दिवे कुठले घ्यायचे म्हणून वायरमन मोजमाप घ्यायला आला. गावच्या गॅरेजातल्या दोन ट्यूब पडून आहेत, त्याच लाव, असं मी सांगितलं. त्यानं विचारलं, आत ग्राइंडर वगैरे चालवणार का? चालवणार असाल तर जुन्या चोकच्या ट्यूब नको. त्या सारख्या लुकलुकत असतात, डोळ्याला कळत नाही. चाकाचा वेग त्या लुकलुकण्याशी जुळला की पळतं चाक थांबल्यागत दिसतं. बल्बचं तसं होत नाही, त्याची तार तापलेलीच राहते.

मी त्याची कॉलर धरली आणि कुणी शिकवलं तुला हे, असं ओरडलो. तो बिचारा टेप सोडून पळाला.

त्याच दुपारी मी गावी गेलो. दादा ओट्यावर बसला होता. त्याच्याशी न बोलता मी गॅरेजची किल्ली घेतली. आत जाऊन शटर खाली ओढलं, पोती फेकली, दिवा लावला. दोनातली एक ट्यूब पेटली. मशीनचं बटण दाबल्यावर मोटार गुरगुरली आणि मग सुटली. थोड्या वेळानं चारच्या चारही पाती माझ्यासमोर उभी राहिली. मोजता येत होती. जागच्या जागी जरा मागं सरकल्यासारखी वाटायची, एवढंच. मी कोपऱ्यातलं एक धाट उचलून पुढं केलं. माझ्या हातात फक्त बुडखा राहिला.

मी मशीन बंद केलं आणि पहार घेतली. आधी दोन्ही ट्यूब फोडल्या, मग मशीनचं तोंड ठेचत राहिलो. पत्रा फाटला तरी हात थांबेना. आवाज ऐकून दादानं शटर वर केलं.

"दादा, तू खरं बोलला हुतास," मी म्हणालो. "चाक थांबल्यालंच दिसत हुतं."

त्यानं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं. ट्यूबचं, थपडेचं आणि बैठकीत मी जाणूनबुजून खोटं बोललो त्याचंही. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं डाव्या हाताची मूठ माझ्या तोंडावर घातली. मी काचांवर पडलो. त्यानं मला उठवून पुन्हा मारलं, पुन्हा पुन्हा. माझा पुढचा दात पडला. वहिनी दारात आल्या होत्या, त्या मधे पडल्या नाहीत आणि मीही हात उचलला नाही.

दमल्यावर तो माझ्या शेजारी खाली बसला.

"दारूचं सोड," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काई तरी बिघाड हाय. नऊ वर्सं झाली, एसटी थांबली का न्हाई, हे मी तुज्या वैनीला इचारून उतरतो."