पाचवा भाग होत नाही

डोंबिवलीत मानपाड्याच्या माझ्या गाळ्यात दारावरच्या पाट्या कापणारं लेझर मशीन आहे. ते ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टीमशिवाय उघडत नाही, आणि त्याचं लायसन्स त्या एकाच हार्ड डिस्कला जखडलेलं. ही करामत माझ्या भागीदाराची. सहा वर्षांपूर्वी तो भांडून गेला. आता घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. मशीन मला ठेवलं आणि मला त्यात अडकवून गेला, असं मी भेटेल त्याला सांगत आलो.

गिऱ्हाइकांच्या नव्या फायली जुन्या सिस्टीमवर उघडेनात. म्हणून त्याच डिस्कवर शेजारी नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचं ठरवलं. भाची कॉम्प्युटर शिकलेली, रविवारी आली.

“मामा, आधी पूर्ण डिस्कची कॉपी. बिघडलं तर परत आणता येईल.”

कॉपीला दुसरी डिस्क हवी. डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. भाव पटला नाही की मी उठतो, आणि दहा पावलांत मागून हाक येते. धंदा उभा केला तो या दहा पावलांवर. त्या दिवशी चाळीस पावलं चाललो. हाक आली नाही.

“कॉपीबिपी नको. सुरू कर,” मी भाचीला म्हणालो.

तिनं डिस्कवरच्या जुन्या सिस्टीमच्या भागातली, म्हणजे पार्टिशनमधली, रिकामी जागा कापून मोकळी केली. पण त्या जागेत नवा भाग होईना.

“या डिस्कवर चारच मुख्य भाग होतात, मामा. चार आधीच आहेत.”

तीन ओळखीचे होते. चौथा छोटा, बिननावाचा, उघडेना.

“हा कोणाचा?”

“त्याचा.”

“उडवू?”

लायसन्स त्यातच असलं तर सोमवारी मशीन भंगारात. “हात काढ!” मी ओरडलो.

“माझ्यावर कशाला ओरडताय? भाग मी पाडलेत का?”

पुढे जाता येईना, आणि जागा कापल्यावर जुनी सिस्टीम तरी उठेल का, या धास्तीनं बंद करायचीही हिंमत होईना. तासभर आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. शेवटी भागीदारालाच फोन लावला, स्पीकरवर.

“बोल,” तो म्हणाला. जणू कालच भेटलो होतो.

“तो छोटा भाग कसला आहे?”

“आठवत नाही रे.”

“आठवत नाही कसं? तूच अडकवून गेलास!”

“प्रोग्रॅम कोणी चोरू नये म्हणून लायसन्स डिस्कला बांधलं. बांध म्हणून मागे कोण लागलेलं? तूच ना?”

मीच लागलेलो. हे सहा वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

“कॉपी घेतलीस?”

“दुसऱ्या डिस्कचा भाव पटला नाही.”

“म्हणजे दुकानातून उठून आलास!” तो हसला. “जा, मागेल ते दे त्याला. मग खुशाल उडव. आणि झालं की कळव.”

दुकानदारानं मागितले तेवढे दिले. त्यानं नोटा उजेडात धरून पाहिल्या.

कॉपी झाली. भाचीनं तो भाग उडवला, नवी सिस्टीम बसवली. मग जुनी सुरू केली. मशीननं पाटी कापली. त्या भागात काय होतं, अजून ठाऊक नाही.

चार दिवसांनी भाचीचा फोन.

“मामा, त्यांना कळवलंत?”

“कामात आहे,” मी म्हणालो.