खांबाला कान लावणारी रेवा

रेवा घसरगुंडीच्या लोखंडी खांबाला कान लावून उभी होती. मी मागून हाका मारत होते, पण ती वळत नव्हती. शिडीवरून मुलं धडधडत वर चढत होती आणि त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर रेवा डोळे मिटत होती, उघडत होती.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. ब्रिस्टलमधल्या एका नर्सरीत मी काम करत होते. रेवा साडेतीन वर्षांची, आणि मी तिची की पर्सन. म्हणजे नर्सरीत प्रत्येक मुलासाठी एक ठरलेलं माणूस असतं. मूल रडलं, पडलं, काही नवीन शिकलं तर ते आईबाबांना सांगणं त्याचं काम. रेवाचे बाबा निखिल इंजिनिअर, विमानाच्या कामावर आलेले. आई मुग्धा घरी असायची. दोघं नागपूरचे, मी पुण्याची. त्यामुळे ही मुलगी माझ्याकडे येणं ओघानंच आलं.

अडचण ही, की रेवा नर्सरीत बोलतच नव्हती. हाकेला ओ द्यायची नाही. गोष्ट सुरू झाली की उठून जायची. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, असं मुग्धाला ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. एकदा रेवाला न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "ताई, आम्ही आता घरी फक्त इंग्लिशच बोलतोय. तुम्ही पण हिच्याशी मराठी बोलू नका, प्लीज."

"मग घरी काही फरक पडला?"

"उलट अजून गप्प झालीय. फोनवर आजीशीपण बोलत नाही." तिनं रेवाच्या कोटाची चेन वर ओढली. "होईल ना सवय?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

आमच्याकडे काम चाइल्ड-लेड पद्धतीनं चालायचं. मुलानं पुढे जायचं, मोठ्यांनी मागे. ऐकायला सोपं आहे. करताना मात्र तोंड आवरत नाही. 'चल, घसरगुंडीवर बसू या' हे वाक्य सारखं ओठांवर येतं. त्या दिवशी घसरगुंडीपाशी ते मी गिळलं आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मीही कान लावला. थंडगार लोखंड. आतून ढम ढम आवाज येत होता, कुणीतरी पोटात चालल्यासारखा. मी बोटानं टकटक केलं. रेवानं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग तिनंही टकटक केलं. इतके आठवडे मी तिला बोलवत होते. उत्तर पहिल्यांदा मिळालं.

आमची मॅनेजर करेन स्पष्ट बोलणारी बाई. मी तिला म्हटलं, "मला रेवाला वेगवेगळ्या प्लेग्राउंडवर न्यायचंय. तिच्या आईलाही बरोबर घेईन."

"तिथे शोधायचं काय आहे?"

"ते अजून ठाऊक नाही. ती कशापाशी थांबते ते बघायचंय."

"बरं. पण तू तिला थांबवू नकोस, आणि आईलाही थांबवू देऊ नकोस."

दुसरी अट अवघड गेली. पहिल्या पार्कात रेवा झोक्याच्या साखळीला गाल लावून बसली, तर मुग्धा म्हणाली, "नीट बस, लोक बघतायत." दुसऱ्या ठिकाणी रेवानं क्लाइंबिंग फ्रेमच्या, म्हणजे चढायच्या सांगाड्याच्या, लोखंडी दांड्याला हनुवटी टेकवली आणि स्वतःशीच गुणगुणायला लागली. लाकडी खेळण्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. "हिला धातूच का आवडतो?" मुग्धानं विचारलं. आता तीही माझ्यासारखीच वाकून बघायला लागली होती.

मग एका टेकडीवरच्या प्लेग्राउंडमध्ये बोलायची नळी सापडली. मैदानाच्या दोन टोकांना दोन कर्णे, आणि जमिनीखालून त्यांना जोडणारा पाइप. इकडे बोललं की तिकडे ऐकू येतं. रेवानं सरळ जाऊन कर्ण्याला कान लावला. मुग्धा तिच्याजवळ थांबली आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. मराठी बोलायचं नव्हतं, म्हणून इंग्रजीत विचारलं, "रेवा, पाणी हवंय का?"

पाइपातून स्पष्ट मराठीत उत्तर आलं, "नको. मला खाऊ दे."

मी मैदानापलीकडे पाहिलं. मुग्धा गवतावर बसून पिशवीतून खाऊचा डबा काढत होती.

परत येताना मी रेवाच्या मागून चालत तोच प्रश्न विचारला, आधी इंग्रजीत, मग मुग्धाची परवानगी घेऊन मराठीत. दोन्ही वेळा ती चालतच राहिली.

करेनला सगळं सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. "प्रश्न इंग्रजीत, उत्तर मराठीत. म्हणजे भाषा दोन्ही ठीक आहेत. पण नळीतून ऐकू येतं आणि मागून नाही. तिचे कान तपासायला सांग."

तपासणीत ग्लू इअर निघालं. म्हणजे कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं आणि मुलाला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. लहान मुलांमध्ये हे पुष्कळदा होतं आणि बऱ्याचदा आपोआप जातंही. डॉक्टरांनी समजावलं, की धातूला कान किंवा हनुवटी टेकवली की आवाजाची थरथर हाडांतून थेट आत पोचते. नळीत आवाज विखरत नाही, तो फारसा कमी न होता कानाशी येतो. रेवाला जे ऐकू येत होतं, तेच तिनं ऐकायचं ठरवलं होतं.

घरी जातानाचं मुग्धानं मला नंतर सांगितलं. निखिल गाडीतच म्हणाला, "आधी आईला फोन लाव. मराठीत."

काही महिने वाट पाहूनही पाणी हटेना, तेव्हा कानांत ग्रोमेट बसवले. म्हणजे पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या. तोवर नर्सरीत आम्ही तिच्या समोर बसून, चेहरा दाखवून बोलायचो. ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यात रेवानं हँड ड्रायर, डस्टबिनची गाडी आणि माझं गाणं, या तिन्हींविरुद्ध तक्रार केली. मराठीत सुरुवात, इंग्रजीत शेवट.

पुढे नवीन मुली कामाला यायच्या आणि विचारायच्या, मूल विचित्र वागलं तर काय करायचं? मी सांगायचे, आधी तेच आपण करून बघा. लोक बघतात, थोडे गुडघे दुखतात. त्यापलीकडे काही नुकसान होत नाही.