नखाएवढा तुकडा

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, नांदेडला आले होते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर चाकूरकडची एक बाई महिनाभर पडून होती. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. तिच्या खाटेची पायाकडची बाजू विटांवर चढवलेली होती. पोटावर तळहात ठेवून ती बाळाला सांगायची, "घाई नगं करू. गावात अजून टँकरचंच पानी हाय."

मागं कॅन्सरच्या संशयानं तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासणीसाठी कापून घेतला होता. कॅन्सर निघाला नाही. पण ते तोंड सैल पडलं आणि दोन लेकरं पाचव्या महिन्यातच गेली. या खेपेला डॉक्टरांनी तिथं टाका घातला होता.

"तुकडा नखाएवढाच होता बाई," ती मला म्हणाली. "पर समदं त्यानंच धरलं होतं. आधी कुणी सांगितलंच न्हाई."

मला मुलगी झाली त्याच दिवशी तिला कळा सुरू झाल्या. टाका काढावा लागला. सहाव्या महिन्यातला तिचा मुलगा तासभर जगला.

तिसऱ्या दिवशीही मला दूध उतरलं नव्हतं. मुलगी रडून रडून लाल झाली होती. भिंतीकडं तोंड करून पडलेली ती बाई उठून बसली. तिचा पदर ओला झाला होता.

"आणा हिकडं," ती म्हणाली. "माझं वायाच चाललंय."

मुलगी पोटभर प्याली. ती बाई तिच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मला रडू आवरेना.

"रडू नका बाई," तीच मला म्हणाली, "दूध आटतं."