नऊ नंबरच्या चपला

मी धाराशिवला एका खाजगी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते, लघवीच्या, शौचाच्या, थुंकीच्या डब्या हाताळते, झाकणं उघडते, काचेवर नमुना पसरते. गावाकडच्या बायका विचारतात, "तुला शिसारी कशी येत न्हाय गं?" नाही येत. डबीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते, आतली घाण कुणाची आहे हे ठाऊक असतं. मला शिसारी येते बेवारस घाणीची, आणि ती मी पोटभर पाहिली ते इथल्या एका नव्या वसाहतीत राहायला आल्यावर.

आधी मी येरमाळ्याजवळच्या आमच्या गावातून एसटीनं ये-जा करायची. लग्न जमत नव्हतं, पुढं मीच जमू दिलं नाही. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं उजाडताच लॅबच्या पायरीवर येऊन बसतात, पहिली गाडी चुकली की दिवसभर बोलणी खायची. शेवटी शहरात खोली घ्यायचं ठरलं. भावानं होकार दिला, पण अट घालून. "एक जरी बोलणं माझ्या कानावर आलं, तर सामान उचलायचं आन् घरी यायचं." घरमालकाला त्यानं स्वतःचा मोबाईल नंबर दिला आणि हात जोडून सांगितलं, काही वाटलं तर लगेच कळवा. म्हणजे माझी खोली आणि माझी नोकरी त्या माणसाच्या एका फोनवर टांगलेली होती.

वसाहत म्हणजे काय, शेताचे प्लॉट पाडलेले, मधे बाभळी, निम्मी घरं बिनगिलाव्याची. गटार उघडं. त्यात डुकरं लोळत आणि उठून आमच्याच पायऱ्यांना अंग घासत. कोपऱ्यावरच्या भिंतीवर लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या होत्या. लोक देवाच्या बरोबर खाली थुंकायचे. भिंतीची ती बाजू खालून गुडघ्यापर्यंत लाल होती. समोर एक कट्टा, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ गालफडात तोबरा भरून बसलेली माणसं. त्यांच्या मधोमध आमचा घरमालक.

पहिल्याच दिवशी कट्ट्यानं चौकशी केली. गाव कुठलं, मामाचं आडनाव काय, शेती किती. इथवर मला सवय होती, आमच्याकडं माणूस असाच ओळखला जातो. पण मग प्रश्न आला, "एकट्याच राहणार व्हय?" तोच प्रश्न दूधवाल्यानं विचारला, गॅसची टाकी आणणाऱ्यानं विचारला, वायरी जोडायला आलेल्या माणसानं तर खोलीभर नजर फिरवत विचारला. "एकट्याच" म्हणताना त्यांच्या ओठांवर जे ओलसर हसू यायचं ते मला पुसून काढावंसं वाटायचं. भरदिवसा कुणीतरी कडी वाजवायचं आणि मी उघडेपर्यंत निघून जायचं. मी दाराला आतून लोखंडी पेटी लावून झोपायला लागले. भावाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ते बोलणं माझ्याच तोंडून त्याच्या कानावर गेलं असतं.

घरमालकाची बायको शेजारच्याच भागात, भिंतीला भिंत. मी त्यांना काकू म्हणायची. बाई कमी बोलायच्या, पण नजर बारीक. एकदा नळाचं पाणी भरताना माझी घागर उचलू लागत म्हणाल्या, "पोरी, दारात गडीमाणसाच्या चपला ठिव."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हसू नगं. आमच्याकडं एकट्या बाया असंच करतेत. चपला दिसल्या की कडी वाजत न्हाय."

मी बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, "नंबर?" आता आली का पंचाईत. न असलेल्या माणसाच्या पायाचं माप मी काय सांगणार? घ्यायच्याच आहेत तर चांगल्या धिप्पाड माणसाच्या घ्याव्यात म्हणून मी नऊ सांगितला. काळ्या, जाड पट्ट्यांच्या. घरी आणल्यावर काकूंनी त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि नाक मुरडलं. "कोऱ्या हायेत. कोण फसंल?" मग आम्ही दोघी मागच्या बोळात बसलो आणि त्या माणसाला जुना केला. काकूंनी टाचा दगडावर घासल्या, पट्ट्यांना चिखल चोळला, अंगठ्याच्या जागी बोटानं दाबून दाबून खड्डा पाडला. त्यांना ते फार मन लावून करताना मी पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "रोज जागा बदलत जा. कधी सरळ, कधी तिरप्या. हलल्या न्हाईत तर लोकाला कळतंय."

आणि खरंच कडी वाजायची थांबली. दूधवाला खाली मान घालून दूध मापायला लागला. टाकीवाला उंबऱ्याबाहेर उभा राहून "ताई" म्हणाला. पेटी भिंतीकडं सरकली, मला गाढ झोप लागू लागली. पण खरं सांगायचं तर माझा संताप व्हायचा. शिकले, नोकरी करते, रोज शेकडो सुया टोचते, त्या माझ्या अंगाला जी किंमत नव्हती ती रबराच्या दोन तुकड्यांना होती. रोज सकाळी मी त्या पायानंच सरकवायची. हात लावायची नाही.

मग एका सकाळी मी दार उघडलं तर उजव्या चपलेत कुणीतरी थुंकलं होतं. ताजं, लाल, सुपारीच्या बारीक तुकड्यांसकट, काकूंनी पाडलेल्या अंगठ्याच्या खड्ड्यात साचलेलं. मी रोज थुंकी बघते. पण ही कुणाची ते ठाऊक नव्हतं. शिसारीनं मी दाराची चौकट धरून उभी राहिले. त्या कट्ट्यावरच्या कुणाचा तरी माझ्या न असलेल्या पुरुषावर राग होता. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्या कुणाला मिळतंय, असं त्याला वाटलं असणार.

मी विचार न करता चपला उचलल्या, अंगणातल्या नळाखाली धरल्या आणि घासल्या. साबण लावून घासल्या. पायरीवर उन्हात वाळत ठेवल्या आणि हात कोपरापर्यंत धुतले. इथंच माझं चुकलं. दारातल्या रिकाम्या चपला ही एकट्या बाईची युक्ती असेल अशी लोकांना शंका असते, पण खात्री नसते, म्हणून कडी वाजत नाही. पण आमच्या भागात बाई ज्याच्या चपला धुते तो माणूस तिचा असतो. सकाळच्या उजेडात, सगळ्या गल्लीसमोर, मी त्याला खरा करून टाकला होता.

दुसऱ्याच दिवशी मी लॅबला निघाले तेव्हा घरमालक कट्ट्यावरच्या दोघांना घेऊन अंगणात उभा होता. काकू त्यांच्या दारात, अर्ध्या चौकटीआड.

"कोण येतंय?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मंग चपला कुणाच्या? कोण नसताना धुवायलीस व्हय?" मागचे दोघे हसले. "ही सभ्य लोकांची वसाहत हाय. तुझ्या भावानं मला सांगूनच ठिवलंय. लावू का फोन?"

मी दोन्हीकडून अडकले होते. चपला कुणाच्याच नाहीत म्हणावं तर मी एकटी आहे हे कट्ट्याला समजणार, आणि पुन्हा कडी वाजणार. कुणाच्या तरी आहेत म्हणावं तर सामान उचलायचं. फोनपेक्षा कडी परवडली म्हणून मी काकूंकडं पाहिलं. "काकू, तुम्ही सांगा की. चपला ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग जमिनीकडं. "मला काय म्हाईत," म्हणाल्या.

चपलेतली थुंकी बघून आली होती तशीच शिसारी मला आली. चिखल चोळणारी ती बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मी माझ्या सँडल काढल्या, त्या नऊ नंबरच्या चपलांत पाय घातले आणि म्हणाले, "माझ्या आहेत. मला सैल लागतात." आणि फटक फटक आवाज करत त्या तिघांच्या मधून निघून गेले. मागं घरमालक खाकरून थुंकला.

कोपऱ्यावर गेल्यावर मीच भावाला फोन लावला. त्याचा फोन जायच्या आत माझा जायला हवा होता. कडी वाजण्यापासून धुण्यापर्यंत सगळं सांगितलं. त्याच्या मागं शेतातली मोटार चालू होती, ती त्यानं बंद केली. मग म्हणाला, "नंबर कितीचा घेतलीस?"

"नऊ."

"मला आठ लागतंय, म्हाईत न्हाय व्हय? आठ घेतली असतीस तर माझ्याच हायेत म्हणून सांगता आलं असतं." आणि मग, "ऱ्हा तिथंच. त्या माणसाचा फोन येऊ दे, मी बघतो."

मला हायसं वाटलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी डोळे पुसले, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच मला किळस आली. थुंकणारा, हसणारा, धमकी देणारा आणि माफ करणारा, सगळे एकाच बाजूचे. मी राहायचं की नाही हे अजूनही एका फोननंच ठरलं होतं, फक्त या वेळी तो मी लावला होता.

संध्याकाळी मी परतले, चपला मोरीत टाकल्या आणि गॅसवर चहा ठेवला. घरमालक कट्ट्यावर गेला होता. दारात काकू आल्या, हातात ताटलीत धपाटे आणि दही.

"घेऊन जा," मी म्हणाले. "मला तुमच्या हातचं नको."

त्या गेल्या नाहीत. ताटली ठेवून उंबऱ्यावरच बसल्या. "चूक झाली म्हणणार न्हाय मी," त्या म्हणाल्या. "तुला आज ना उद्या जायचंय. मला ह्याच घरात ऱ्हायचंय."

माझं डोकं भडकलं. "काकू, तुमच्या दारात तर खऱ्या चपला आहेत. खरा माणूस आहे. तुम्हाला कुणाला घाबरायचंय?"

त्या जराशा हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "तुला चपला ठिवायला म्या कशावरनं सांगितलं आसंल?" त्यांनी विचारलं. "बाहीरनं आले आन् दारात ह्यांच्या चपला दिसल्या, की माझं पाय जड व्हतेत. घशातनं आवाज निघत न्हाय. लग्न झाल्यापासनं असंच हाय. म्हणून म्हणलं, मला भ्या वाटतंय, तर लोकालाबी वाटत आसंल."

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. काकू लगेच उठल्या, पायरी उतरल्या आणि त्यांनी आधी आपल्या दाराकडं पाहिलं. चपला आल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून वर सारल्या, आणि अनवाणी आत गेल्या.