शंभर पेशी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. कुणी दादांचा विषय काढला की मी त्यांची खुर्ची झटकायची सवय सांगायचो, ऐकणारे हळहळायचे आणि मी तिथंच थांबायचो.

खुर्चीवरून उठले की ते ती रुमालानं झटकत. अंगावरचे पांढरे पापुद्रे नंतर बसणाऱ्याला लागू नयेत म्हणून. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातलेली. त्यांना सोरायसिस होता. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांचा कप वेगळ्या खिळ्याला असे. "राखीव हाय," ते म्हणत. "तुमच्यावानी कपाची वाट बघावी लागत न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराची गोष्ट. नगरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ते मुख्य तंत्रज्ञ होते आणि मी नवा. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि न्यूट्रोफिल, लिंफोसाइट वगैरे कुठल्या किती ते लिहायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. रिपोर्ट पुढे केला की एकच प्रश्न: "मोजलंस, का अंदाज?"

दर शनिवारी ते स्वतःच्या बोटाला सुई टोचत आणि आकडे एका वहीत लिहीत. शेजारी, त्या आठवड्यात चट्टे किती पसरले तेही. "अंग पेटायच्या आधी न्यूट्रोफिल चढत्यात, लिंफोसाइट उतरत्यात. ह्यो आजार नुसता कातडीचा न्हाई." आमचे डॉक्टर हसण्यावारी नेत. पण पुण्याहून त्वचेचे एक मोठे डॉक्टर येणार होते. त्यांना वही दाखवायची, हे दादांनी मनाशी धरलं होतं.

नेमकी तेव्हाच त्यांच्या बोटांची टोकं फुटली. काच धरवेना.

"चार शनिवार तू मोज," ते म्हणाले.

माझं नुकतंच लग्न झालेलं. बायको भिंगारला वाट बघायची. पहिल्या शनिवारी मी वीसेक पेशी मोजल्या. पुढच्या तिन्ही शनिवारी तेवढ्याही नाही. साठ, चौतीस, चार, दोन. निरोगी माणसाचे आकडे, थोडे इकडेतिकडे करून. बेरीज शंभर भरली की मी काच धुऊन टाकायचो.

चौथ्या शनिवारी दादा मानेपासून पायांपर्यंत लाल झाले होते. वही मांडीवर घेऊन बसले. "अंग जळतंय आन् रगत थंड." मग माझ्याकडे बघून, "मोजलंस ना?"

"मोजलं, दादा."

"मग माझंच चुकलं."

पुण्याचे डॉक्टर आले. दादांनी त्यांना लॅब दाखवली, वही दाखवली नाही. पुढे त्या वहीच्या कोऱ्या पानांवर आम्ही सामानाच्या याद्या लिहायचो. लिहिलेली पानं त्यांनी फाडली होती.

निवृत्त होऊन ते शेवगावला गेले. एकदा मी तिकडे गेलो, एसटीत एकच वाक्य घोकत. त्यांनी बाज रुमालानं झटकली आणि मला बसवलं.

"काय रं, मोजतोस ना अजून?"

"मोजतो."

चहा झाला. पावसापाण्याचं बोललो. पुन्हा गेलो तेव्हा ती बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

परवा त्वचेच्या एका तरुण डॉक्टरनं बोलता बोलता सांगितलं, की सोरायसिसचा जोर असला की रक्तात न्यूट्रोफिल जास्त आणि लिंफोसाइट कमी, असं पुष्कळदा दिसतं.

एसटीत घोकलेलं ते वाक्य चारच शब्दांचं होतं. दादा, मी मोजलं नव्हतं.