गोड बंद जावई आणि सोनगीरच्या गडावरचा धोंडा

अधिक महिना लागला आणि धुळ्याजवळच्या सोनगीरहून बायकोच्या आत्याचा फोन आला, "जावयांना घेऊन धोंडे जेवायला या." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, तेही मोजून तेहेतीस करून. आणि मी? पन्नाशीत शिरलेला, चार महिन्यांपासून साखर, गूळ, भात, पोळी, भाकरी सगळ्याला रामराम ठोकलेला जावई!

पूर्वी दुपारी तीन वाजता ऑफिसात माझी मान टेबलाकडे झुकायची. आता जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढतो आणि भेटेल त्याला ते ऐकवतो. बायको वैशाली म्हणते, यांच्या अंगात उत्साह आला तो आला, पण तोंडाचं कुलूपही निघालं. धोंड्यांचं काय करायचं विचारलं, तर म्हणाली, "आत्याला तुम्हीच सांगा. मी मध्ये पडणार नाही."

नाशिकहून सकाळची रेल्वे धरून आधी जळगाव गाठलं, कारण वैशालीला तिथे आत्यासाठी कानातलं घ्यायचं होतं. तुम्ही जाणार असाल तर मे महिन्यात दुपारी बाराच्या आत कामं उरका. ऊन असं, की स्टँडवरच्या रिक्षाची सीटसुद्धा चटका देते. जेवायला भरीत मागवलं. भरिताचा खरा मोसम थंडीचा, पण काही हॉटेलांत ते बारा महिने मिळतं. हिरव्या वांग्यांचं, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेलं, दोघांचं पोट तीनशेच्या आत भरेल असं.

"भाकरी नको," मी म्हणालो.

वाढप्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग भाऊ, भरीत लावणार कशाला?"

मी चमचा मागितला. त्याने आणला, पण आत जाऊन आणखी दोघांना मला दाखवलं. भरीत मात्र असं झणझणीत होतं की मी चमच्याने दोन ताटल्या साफ केल्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पारोळ्यावरून धुळं. अडीच तास लागतात. खिडकी सावलीच्या बाजूची धरा. तिथून आग्रा रोडने सोनगीर. वैशालीची आत्या तिथेच राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. सासूबाई गेल्यापासून माझी सासूही तीच. पाय धुऊन होतात न होतात तोच पाट, रांगोळी, समई, आणि सोनगीरलाच घडवलेल्या तांब्याच्या ताटात धोंड्यांचा ढीग. वेलदोड्याचा वास असा की माझा चार महिन्यांचा निश्चय उंबऱ्यातच डळमळला. तरी मी हात जोडले आणि एका दमात सांगून टाकलं.

अक्का ताट हातात धरून उभीच राहिली. "गोड नही, भाकर नही? मंग खातस काय, वारा?"

ओसरीवरून तिचे यजमान नाना ओरडले, "जवाई रुसना!"

झालं! जावई जेवत नाही म्हणजे रुसलाच असणार. नाना माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "आंगठी पाह्यजे का? सांगी द्या, लाजू नका." वैशाली पदर तोंडात कोंबून हसत होती. मी शपथा घेऊन सांगितलं, पण नानांनी संध्याकाळपर्यंत दोनदा माझ्या बोटाचं माप विचारलं.

अक्का मात्र हसली नाही. "तीन वरीसमा एकदाव येस हाऊ महिना," एवढंच म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं. मला फार वाईट वाटलं. मग मीच तोडगा काढला. मागच्या वेळी मी सोनगीरच्या गडाच्या अर्ध्यावर दम लागून बसलो होतो. म्हटलं, "अक्का, उद्या न थांबता वर गेलो, तर वर बसून एक धोंडा खाईन."

"मी बी येस," अक्का म्हणाली.

पहाटेच निघालो. चढ अर्ध्या तासाचा, पण वाट घसरडी आहे. बूट घाला, पाणी सोबत न्या. अक्का त्र्याहत्तरची. एका हातात डबा, दुसरा हात माझ्या हातात. तिच्यासाठी दोनदा थांबलो, पण माझा दम टिकून होता! वर पोहोचल्यावर मला इतका आनंद झाला की मी त्या पडक्या बुरुजाजवळ चक्क नाचलो. खाली हायवेवरून ट्रक चालले होते.

अक्काने डबा उघडला. मी धोंडा तोंडात घातला. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"गूळ बराबर पडना का? खरं सांगा. घरना बठ्ठा लोके चांगलंच म्हनतस."

"तुम्ही चाखला नाही?"

"डाक्टरनी मनं गोड बंद करेल शे. दोन वरीस व्हयनात."

तेहेतीस धोंडे तिने न चाखता केले होते, आणि मी ताटाला हात जोडून बसलो होतो. मी घास सावकाश चावून नीट चव घेतली.

"अक्का, माझ्या जिभेला आता सगळंच फार गोड लागतं, गुळाचं मी काय सांगू? पण जायफळ विसरलात तुम्ही."

अक्काने कपाळावर हात मारला. "माले वाटनंच व्हतं!" आणि अशी खळखळून हसली की डब्याचं झाकण उताराला लागलं. ते आणायला मी धावत गेलो.

आता घरी येऊन आठवडा झाला. वजनकाट्याने त्या एका धोंड्याची दखलही घेतली नाही. खाली उतरल्यावर मी आणखी दोन खाल्ले होते, त्यांची मात्र घेतली. माझं गोड पुन्हा बंद आहे. ऑफिसात कारण विचारतात, तेव्हा पूर्वीसारखं जिन्याचं पुराण सांगत नाही, अक्काचं सांगतो. पुढच्या धोंड्याच्या महिन्यात अक्का शहात्तरची असेल. तिला हाताला धरून वर न्यायचं, आणि जायफळ पडलंय की नाही ते सांगायचं, म्हणजे माझ्यात तेवढा दम हवा.